थंड पाण्याचं पित्त

“पाणी कोमट आहे न वं, वहिनी?” आमच्याकडे पेला हातात घेण्याआधी भाऊंचा हा प्रश्न ठरलेला. मे महिन्यातसुद्धा! भिलाईच्या मे महिन्यात कुत्री नालीत जाऊन लोळतात आणि हा बाबा कोमट पाणी मागतो. सिविक सेंटरच्या बाजारात लस्सी प्यायला नेलं, तर दुकानदाराला आधी बर्फ काढायला लावायचे.

भाऊ आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे, मूळचे भंडाऱ्याकडचे. काम ब्लास्ट फर्नेसवर, वितळलेल्या लोखंडासमोर. मी एकदा तिथे उभा राहिलो आणि लगेच पळालो.

हसू नका. पूस महिन्याच्या थंडीत नळाखाली हात धरला की भाऊंच्या हातावर लाल गांधी उठायच्या. “पित्त आहे,” माझी आई म्हणाली. आणि पित्त म्हणजे उष्णता, हे तर आपल्याला पाळण्यातच पाठ! तिनं मटक्यातल्या गार पाण्यात आमसुलं कोळून त्यांच्या हातांना चोपडली. गांधी उतरायच्या सोडून दंडापर्यंत चढल्या.

“काकू, मारता का वं मले?” सुजल्या ओठांनी भाऊ म्हणाले. आई इतकी घाबरली की तिनं आमसुलाची बरणीच लपवली.

मग डॉक्टरांनी सांगितलं, हे पित्त गारठ्यानंच उठतं. नदी-तलावात उतरू नका, गळा सुजून श्वास कोंडेल. तेव्हापासून भाऊ पाण्याला भ्यायचे आणि खरं सांगतो, त्यांच्यासाठी मीही.

त्यांचे वडील नेमके थंडीत गेले. नदीकाठी चिता रचली. भाऊ थोरले, आग त्यांनीच द्यायची, पण आधी आंघोळ. मी घरून गरम पाण्याचा डबा नेला होता. त्यांचे काका अडून बसले. “नदीवर येऊन घरचं पाणी? बापासाठी एक डुबकी नाही मारत तू?”

“मले भेव लागून राहिलं, काका,” भाऊ म्हणाले. चारचौघांत, एवढा बाप्या माणूस. काकांनी तोंड फिरवलं.

“भाऊ, नका जाऊ!” मी ओरडलो.

“बाप आहे न रे माझा,” म्हणाले आणि उतरले.

बाहेर आले ते अंगभर गांधी घेऊन. पापण्या, ओठ फुगले. गळ्याला हात लावून काही सांगत होते, पण आवाजच निघेना. चादरीत गुंडाळून त्यांना आम्ही आलो त्याच ट्रकमध्ये घातलं, डोकं माझ्या मांडीवर. श्वासाची शिट्टी वाजत होती. ती थांबली की मी किंचाळायचो, “भाऊ, श्वास घ्या!”

दवाखान्यात इंजेक्शनं दिली आणि वाचले. दिवे लागल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“बाबाले आग कोनं देल्ली?”

दिवस मावळायच्या आत उरकायचं होतं, लोक किती थांबणार! “काकांनी,” मी म्हटलं.

भाऊंनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले, उलटेसुलटे करून पाहिले.

“सूज तर उतरली न रे,” ते म्हणाले. “थोडं थांबाचं होतं.”