हातगुण

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या हॉस्पिटलात सगळे ‘हातगुण’ म्हणत, आणि तो शहाणा त्यावर खूश असे. काम काय, तर सर्व्हर सांभाळायचा. एका कपाटात आठ ड्राइव्ह, त्यांत सगळ्या पेशंटांचे स्कॅन. एखादा ड्राइव्ह बिघडला की त्याच्यावर पिवळा दिवा लागतो. तो ओढून काढायचा, नवा सरकवायचा. बाकीचे सात मिळून त्याची माहिती पुन्हा भरून घेतात. पण इतक्या सोप्या कामात मिरवणार कसं?

म्हणून यानं नाटक सुरू केलं. डोळे मिटून एकेका ड्राइव्हवर तळहात ठेवायचा. ज्याला ताप तो आजारी, हे याचं शास्त्र. एक-दोनदा नेम लागला आणि स्वारी हवेत गेली. दिव्याकडे बघणं कमीपणाचं वाटायला लागलं. स्कॅनची दुसरी प्रत ठेवायची पद्धत होती, तीही यानं बंद पाडली. मी असताना प्रत कशाला, म्हणे.

मी तिथेच रेकॉर्डच्या खिडकीवर बसते. याच बहिणीच्या पोटात गाठ दिसली होती. मागे एकदा स्कॅन केला तेव्हाही ती होतीच. सर्जन म्हणाले, जुना स्कॅन दाखवा. गाठ वाढली नसेल तर कापायची गरज नाही. तो मागायला मी सर्व्हरच्या खोलीत गेले, तर एक ड्राइव्ह बिघडलेला आणि हा कपाटापुढे डोळे मिटून उभा.

सर्व्हरच्या कंपनीच्या माणसानं फोनवर बजावलं होतं, बटण दाबा, बिघडलेला ड्राइव्ह लुकलुकेल, तोच काढा. यानं हो हो करून फोन ठेवला होता. पाचव्यावर पिवळा दिवा ढळढळीत दिसत होता आणि याचा हात सहाव्यावर.

“अहो, दिवा शेजारच्यावर आहे,” मी म्हटलं.

“ताई, तुम्ही तुमची खिडकी सांभाळा. हा बघा कसा तापलाय.”

तापणारच की! चालू होता म्हणून तापला होता. पाचवा केव्हाच बंद पडून गार झाला होता. यानं धडधाकट ड्राइव्ह ओढला आणि सगळंच बसलं. दोन गेल्यावर उरलेल्या सहांना काही जुळवता येईना. काढलेला तसाच परत बसवून कंपनीला फोन केला असता तरी निभावलं असतं. पण चुकलो म्हणेल तो हा कसला? नवा सरकवला. सगळं पुसून नव्यानं सुरू करू का, असं स्क्रीनवर आलं, आणि या महाभागानं ‘हो’ दाबलं.

जुना स्कॅन गेला. सर्जन थांबायला तयार होईनात. माझ्या बहिणीचं पोट कापलं. गाठ साधी निघाली. जुना स्कॅन असता तर मी कापलंच नसतं, असं ते याच्या तोंडावर म्हणाले. त्यावर हा म्हणतो, चला, सुखरूप पार पडलं ना! मला किळस आली त्याची.

संध्याकाळी ती वॉर्डात कण्हत पडली होती. अंग जरा कोमट लागत होतं. हा खाटेजवळ आला, सवयीनं डोळे मिटले आणि तळहात तिच्या कपाळाकडे नेला.

“हात लावू नका,” ती म्हणाली. “नर्सला बोलवा. तिच्याकडे थर्मामीटर आहे.”