मॅडमचा डाऊट

'डाऊट' हा शब्द कानावर पडला, की मला आजही जळकोटच्या माळावरचा तो पहारेकरी आठवतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलोही. ही साधी केबलचोरी मात्र डोक्यातून जात नाही. नावे कुणाचीच सांगणार नाही, कारण ती माणसे इथेच राहतात आणि सुखात आहेत.

मी तेव्हा तुळजापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माळावरच्या पवनचक्क्यांपैकी एकीच्या आतली तांब्याची केबल कुणीतरी रात्रीतून कापून नेली. फिर्याद आली, अज्ञात आरोपीवर गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला. दाराचे कुलूप शाबूत होते. आमचा एक जुना खबऱ्या म्हणाला, "सायेब, बाहेरचं कुणी न्हाय. माणूस आतलाच हाय." कोण म्हणून विचारले, तर "तेवढं ठावं न्हाय" म्हणून मोकळा झाला. खबऱ्यांची हीच तऱ्हा, अर्धी भाकरी वाढतात आणि ताट उचलतात.

पवनचक्क्यांची इंजिनिअर केरळची एक तरुण मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणत. ती रजेवर गावी गेली होती. मराठी तिला येत नव्हती, हिंदी कामापुरती. आमच्या हवालदाराने तिला फोन लावला आणि रुबाबात येऊन सांगितले, "काम झालं सायेब. मॅडमचा पहारेकऱ्यावरच डाऊट हाय. दोनदा म्हणल्या."

मग काय! कुलूप शाबूत, खबर आतल्याची, वर मॅडमचा डाऊट. पहारेकऱ्याला चौकशीसाठी रोज ठाण्यात बोलावू लागलो.

धनगराचा पोरगा तो. घरात पगारावर लागलेला पहिलाच. त्या रात्री कुठे होतास, असे विचारले.

"पल्याडच्या चक्कीकडं फेरीला गेलतो, सायेब."

"कुणी पाहिलं?"

"माळावर रातच्याला कोण बघणार?"

गोल गोल फिरवून तेच तेच विचारले, उत्तर बदलले नाही. शेवटी त्यानेच मला विचारले, "सायेब, माझ्या जागी आता माळावर कोण हाय? बाकीच्या चक्क्या उघड्यावर पडल्यात की."

आता सांगा! ज्याच्यावर चोरीचा आळ, त्याला पहाऱ्याची काळजी. चोर स्वतःच्या सुटकेचा विचार करतो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. पण माझ्या मनाला वाटले म्हणून तपास पुढे जात नाही. त्याचे नाव आरोपी म्हणून एकदा लागले असते, तर चारित्र्य पडताळणीत ते कायम पुढे आले असते आणि पहाऱ्याची नोकरी त्याला पुन्हा कुणी दिली नसती.

तिसऱ्या दिवशी सकाळी परंड्याहून एसटी बदलत बदलत एक म्हातारा आला. याच पोराशी त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते.

"सायेब, पाव्हणे कायबी बोलत्यात. पोरगी द्यावी का न्हाय, ते तुमच्या तोंडून ऐकायला आलोय."

"तपास चालू आहे, मामा. त्याच्यावर डाऊट आहे."

"म्हंजी त्यानं केली?"

"ते अजून माहीत नाही."

"मग डाऊट म्हंजी काय वो?"

थांबा म्हटले. तो आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसला. घरी जा म्हटले तरी हलेना. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटले.

चोरीमुळे रजा मोडून निघालेल्या मॅडम दुपारी सोलापूर स्टेशनवरून थेट ठाण्यात आल्या. हातात बॅग तशीच. बाकावर पहारेकऱ्याला पाहून भडकल्याच.

"ये यहाँ क्यूँ है?"

"आपनेही तो फोनपर कहा, डाऊट है," मी म्हणालो.

"येस! आय डाऊट ही डिड इट!"

"वही तो मैं कह रहा हूँ."

"तो छोडो ना उसको!"

मी हवालदाराकडे पाहिले, हवालदाराने छताकडे. मी पेन खाली ठेवले. "मॅडम, एक शब्द में बोलिए. चोरी इसने की? हाँ या ना?"

"ना! फोनपर वही बोला मैंने!"

मग त्यांनी समजावून सांगितले. इंग्रजीत 'डाऊट' म्हणजे पुढची गोष्ट मला खरी वाटत नाही. खरी वाटते, त्याने केले असावे, हे सांगायला 'सस्पेक्ट'. म्हणजे बाई पोराची बाजू घेत होत्या आणि आम्ही त्याच वाक्याने त्याला अडकवत होतो. कुणी ध चा मा केला नव्हता. ध चा ध च राहिला होता, तरी पोराच्या गळ्याशी आले होते.

"मग आमी आजवर काय बोलत आलो, सायेब?" हवालदार पुटपुटला.

"ते नंतर बघू. मॅडम, आपका सस्पेक्ट कौन?"

त्यांनी सरळ सांगितले. केबलमध्ये वीज असताना ती कापणारा जागीच मरेल. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद केली होती. बाहेरून ते कळत नाही आणि पहारेकऱ्याला कुणी सांगितले नव्हते. ठाऊक होते दुरुस्तीच्या माणसांना आणि त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला. गाडी रात्री ड्रायव्हरकडेच असायची आणि कुलपाची दुसरी किल्लीही त्या गाडीतच.

ड्रायव्हरला आणले. केबलचे नावही मी काढले नाही. त्या रात्री गाडी कुठे होती, एवढेच विचारले.

"सायेब, माझ्या गाडीत एवढी केबल मावतच न्हाय!"

"बरं. मग कुणाच्या गाडीत मावली?"

गडी कबूल झाला. तामलवाडीकडच्या त्याच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीखाली सगळा मुद्देमाल मिळाला. पंचांसमक्ष जप्त केला.

त्यानंतर माझ्या ठाण्यात मी 'डाऊट' हा शब्द बंद केला. आपल्या मराठीत दोन चांगले शब्द आहेत. शंका विचारतात आणि संशय घेतात. डाऊट म्हटले की दोन्ही एकाच पोत्यात जातात. पोलिसाला संशय घ्यावाच लागतो, त्याशिवाय चोर सापडत नाही. पण आधी शंका विचारावी. त्या दिवशी आम्ही सगळे संशय घेऊन बसलो होतो. शंका विचारायला आला होता तो एकटा म्हातारा, तोही परंड्याहून.

पंचनामा उरकून मी परतलो, तेव्हा तो लिंबाखालीच होता. मी स्वतः त्याच्यापाशी गेलो.

"मामा, पोरगा निर्दोष आहे. चोर सापडला."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिले. "तुमची लेक असती, तर दिली असती?"

"दिली असती," मी म्हणालो.

म्हातारा उठला, पटका झटकून डोक्याला गुंडाळला आणि तडक आत बाकापाशी गेला. पोरगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा म्हणाला, "चला जावईबापू, शेवटची एसटी चुकंल."