अप्पांचा पाय

त्या दौऱ्याची गोष्ट मी आजवर किती जणांना ऐकवली असेल, सांगता येणार नाही. लग्नात ऐकवली, मयतीला जमलेल्या माणसांत ऐकवली, दूध संस्थेच्या ओट्यावर तर येईल त्याला ऐकवली. पण दर वेळी त्यातली एक गोष्ट मी गाळली. बायकोसमोरही गाळली. आज ती गाळायची नाही, असं ठरवून बसलोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. ओळखीचं माणूस समोर असलं की माझी जीभ लगेच भाव करायला लागते.

भाव करणं हाच माझा धंदा. घाटनांदूरच्या बाजारात पोती उचलत मोठा झालो, मग स्वतःचं पेंडीचं दुकान टाकलं, पुढे आमच्या दूध संस्थेत संचालक झालो. संस्थेची खरेदी माझ्याकडे. समोरचा रडकुंडीला येईपर्यंत मी किंमत सोडत नाही, आणि कुणी माझ्या मालाला नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं.

विश्वनाथअप्पांनी नाव ठेवलं होतं. अप्पा आमचे चेअरमन. पिढीजात किराणा दुकान, कपाळावर भस्म, बोलणं मोजकं. पोरवयात त्यांच्याच दुकानात मी पोती उतरवली होती. दुष्काळ होता, जनावरं छावणीत गेली होती आणि सरकी पेंड कुठंच मिळत नव्हती. मी कुठून कुठून फिरून एक ट्रक आणला, तोही स्वस्तात. अप्पांनी सगळ्या सभासदांसमोर पोतं उसवलं, मूठभर पेंड हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "माणिक, सस्तं लई आणतूस तू. पर खायचं कुणाला हाय, त्याचा इचार करतूस का?"

मागून कुणीतरी हसलं. ट्रक आला तसा परत गेला.

चार-दोन पोत्यांना बुरशी होती. बाकीचा माल बरा होता — बघा, अजून मी भांडतोच आहे.

तो सल मनात असतानाच आमचा अभ्यास दौरा निघाला, इस्राएलला. थोड्या पाण्यात ते लोक गाई कशा पाळतात, ते बघायला. गावानं टोमणे मारायचे ते मारलेच, "जनावरं छावणीत आन् संचालक इमानात!" दौऱ्याची सगळी जमवाजमव माझ्याकडे आली. परदेशात चपला बऱ्या दिसणार नाहीत म्हणून सगळ्यांना एकसारखे बूट मीच घेतले, एका ठोक दुकानातून, घासाघीस करून. अप्पांच्या मापाचा जोड नव्हता. जन्मभर चप्पल घातलेला त्यांचा पाय पंजाशी पसरलेला. घेतला तो जोड एका मापानं लहान होता. मी म्हणालो, "चालून चालून सैल हुतील, अप्पा."

आणि विमा. तिकडे आजारी पडलो तर दवाखान्याचा खर्च विमा कंपनी देणार होती. एजंटानं विचारलं, कुणाला बीपी, साखर आहे का? असेल तर आत्ताच सांगा, रक्कम वाढेल. लपवलं आणि पुढे कळलं, तर कंपनी काहीच देणार नाही. अप्पांना साखर होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पंगतीत त्यांच्या पानात जिलबी कुणी वाढत नसे. मी एजंटाला म्हणालो, "सगळे पैलवान हायेत. धडधाकट लिहा."

मी अजून मूळ गोष्टीच्या भोवतीच फिरतोय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

तिकडे रोज चालणं होतं. गोठे, चाऱ्याचे खड्डे, पाण्याच्या नळ्या. अप्पा सगळ्यांच्या पुढे, सारखं काहीतरी विचारत. पाय दुखतोय असं एकदाही म्हणाले नाहीत, कारण त्यांना दुखतच नव्हतं. साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव जाते, हे मला पुढे कळलं. एका संध्याकाळी त्यांनी मोजा काढला तर तो कातड्याला चिकटलेला, आत रक्त. आमचा वाटाड्या दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना घेऊन पुढच्या गोठ्यावर गेला, अप्पांजवळ मी थांबलो. माझं इंग्रजी मोडकं, पण कंपन्यांशी बोलून बोलून धीट झालेलं. मी विम्याच्या कार्डावरचा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईनं दवाखान्याचं नाव दिलं. तिथं कार्ड दाखवलं आणि आम्हाला आत घेतलं. कुणी खिशाला हात घालायला लावला नाही. काय रुबाब वाटला मला! अप्पा बघताहेत ना, माणिकनं काय करून दाखवलं ते?

डॉक्टर पोरसवदा होता, घाईत होता. पाय बघितला आणि मला विचारलं, यांना डायबेटिस आहे का?

अप्पांना तो शब्द कळला नाही. मला कळला.

मी म्हणालो, नाही.

त्यानं पुन्हा अप्पांच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा तेच विचारलं. बोटाला टोचून साखर बघायचं छोटं यंत्र त्याच्या हातात होतं. माझ्या डोक्यात एकच — आकडा कागदावर येणार, कागद कंपनीकडे जाणार, कंपनी हात वर करणार, आणि सगळ्या संचालकांसमोर अप्पा पुन्हा म्हणणार, सस्तं लई आणतूस तू. मी हसून म्हणालो, कधीच नव्हता, डॉक्टर. शेतातला गडी आहे, दगडासारखा.

त्यानं यंत्र खाली ठेवलं. जखम धुतली, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, चालायला हरकत नाही म्हणाला.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, "साकरेचं सांगितलास न्हवं त्याला?"

"सांगितलं, अप्पा."

"मग काय म्हणला?"

"म्हणला, काळजीचं काई न्हाई."

अप्पांनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला. आणि उरलेले दिवस ते त्या पायावर चालले.

घरी येईपर्यंत बोटं काळी पडली होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. तिथला डॉक्टर चिडून म्हणाला, तिकडे कुणी साधी साखर तपासली नाही? मी बाजूलाच उभा होतो. तोंड उघडायला तेव्हा काय अडचण होती? मी तोंड उघडलंही. म्हणालो, "सांगितलं होतं साहेब. लक्षच दिलं नाही त्या माणसानं."

मग हे खोटंच माझी गोष्ट होऊन बसलं. मी ती रंगवून सांगू लागलो: विमा कसा चालवला, एक दमडी न देता उपचार कसे मिळवले, आणि तिकडच्या डॉक्टरनं कसा घात केला. अप्पा कुबड्या टेकून शेजारी बसत आणि साक्ष देत, "ह्यानं सांगितलं हो त्याला. त्या गोऱ्यानं ऐकलंच न्हाई, तर हा तरी काय करील?"

त्यानंतर माझ्या कुठल्याही खरेदीला त्यांनी हरकत घेतली नाही. पोतं उसवून बघितलं नाही. हेच तर मला हवं होतं ना?

मी स्वतःला बरेच दिवस समजावलं की घाबरून बोललो, खर्चाला घाबरून. पण खर्च आम्ही सगळ्यांनी मिळून सहज भरला असता. अप्पांनी एकट्यांनीही भरला असता. मला त्यांच्या तोंडून ते वाक्य पुन्हा ऐकायचं नव्हतं, एवढंच. त्याची किंमत त्यांच्या पायानं दिली, आणि दुसऱ्याला किंमत द्यायला लावण्यात मी पटाईत.

पुढच्या निवडणुकीत चेअरमनपदाला माझं नाव त्यांनीच सुचवलं. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "परमुलखात ह्यानं मला वाऱ्यावर सोडलं न्हाई." टाळ्या झाल्या. मी हार गळ्यात घालून घेतला.

अप्पा गेले. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांना पुरलं, तेव्हा मीही मूठमाती दिली. शेवटपर्यंत ते त्या डॉक्टरलाच दोष देत राहिले, आणि आमच्याकडे आजही सगळे त्यालाच देतात. त्या पोराला हे कधी कळणारही नाही. त्यानं दोनदा विचारलं होतं. अप्पांनीही विचारलं होतं. दोघांशी मी खोटं बोललो.