झोपेत जोडलेली तार

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. सुरतेत, बमरोलीच्या आमच्या चाळीत एका बाईच्या अंगात यायचं, तिलासुद्धा मी आल्याचा चहा पाजून घरी धाडायची. तरी हे लिहितेय... कारण हे भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तिथल्याच एका दवाखान्यात.

साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. आमचे हे अमळनेरकडून येऊन वीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. काय दिवस होते ते — लूमच्या खटखटाटाची सवय, त्यामुळे घरी साधं 'जेवायला वाढ' पण ओरडून सांगायचे. त्यांना हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, बायपास करू, पण हृदयाचा तो भाग जिवंत असेल तरच. मेला असेल तर उपयोग नाही. ते कळायला हृदयाची सोनोग्राफी, आणि ती चालू असताना शिरेतून 'परपोटा' सोडायचे. रक्त पोहोचेल तिथे पडद्यावर उजळतं. मी घाबरून म्हटलं, पोटाचं काही नाही हो, दुखणं छातीत आहे. डॉक्टर हसले. परपोटा म्हणजे गुजरातीत बुडबुडे!

हे डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. दोन मिनिटांत घोरायला लागले. पहिलं इंजेक्शन... सगळं उजळलं, एक कोपरा काळाच. थोडं थांबून दुसरं. तसाच काळा. डॉक्टर हळूच म्हणाले, "बेन, इथे रक्त जात नाही."

तेवढ्यात यांची बोटं हलली. अंगठा, तर्जनी आणि चटकन एक पीळ... डॉक्टरांनी विचारलं, हे काय करतायत? मी म्हटलं, "सुताची तार तुटली की लूमवर अशीच जोडतात."

त्यांनी तिसरं इंजेक्शन दिलं. काळा कोपरा कडेकडेने उजळत गेला.

डॉक्टर म्हणाले, आधीचे बुडबुडे फुटले असतील. मी विचारलं, मग बाकीचं हृदय कसं उजळलं? त्यांनी कागद ओढून लिहिलं, भाग जिवंत आहे, बायपास करा.

ऑपरेशन झालं. हे पुढे अकरा वर्षं होते. एकदा मी विचारलं, तेव्हा स्वप्न पडलं होतं का हो? अहिराणीत म्हणाले, "याद नही. कोनीतरी बलाई ऱ्हायंतं. मी सांगं, एवढी तार जोडी लेस, मंग येस." कोणीतरी बोलावत होतं, मी सांगितलं, एवढी तार जोडतो, मग येतो, असं.

त्या खोलीत डॉक्टर होते, मी होते. आम्ही दोघांनीही त्यांना हाक मारली नव्हती. कोणी मारली... मला आजही माहीत नाही.