बाईंनी पेटवलेला ज्वालामुखी

आमच्या बाईंना एखादी गोष्ट माहीत नसली, तर त्या सरळ वर्गासमोर तसं सांगून टाकायच्या. बाकीचे मास्तर अडले की खडू मोडायचे, खिडकीबाहेर बघायचे, नाहीतर विचारणाऱ्यालाच बाकावर उभं करायचे. बाई म्हणायच्या, "मला न्हाई माहीत. बघून सांगते." आणि खरोखर बघून सांगायच्या. सातवीत असताना मी विचारलं होतं, की आपण चाललो की चंद्र आपल्यासंगं कावून चालतो? सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या रविवारी एसटीने अंबाजोगाईला गेल्या, तिथल्या कॉलेजातल्या कुणाला तरी गाठलं, आणि सोमवारी आम्हाला मैदानावर पळायला लावून जवळचा कडुलिंब कसा मागे जातो आणि लांबचा डोंगर कसा सोबत येतो ते दाखवलं. तेव्हापासून आमच्या दिंद्रुड गावात एखाद्या गोष्टीवर वाद झाला की शेवटी कुणीतरी म्हणायचं, बाई काय म्हणाल्या ते सांगा. बाई म्हणाल्या म्हणजे विषय संपला.

त्या मूळच्या घाटनांदूरच्या. नवरा लवकर गेला, एक मुलगा, आणि भूगोल हा विषय. निवृत्त झाल्या तरी खांद्याची पिशवी सुटली नाही, आणि पिशवीत घडी घालून ठेवलेला जगाचा नकाशा असायचाच. घड्यांवर चिकटपट्ट्या लावून लावून त्यातले दोन-चार देश दिसेनासे झाले होते. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे लग्न होऊनही मला बाई सुटल्या नाहीत. मी अंगणवाडीत लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्या पोरांच्या रांगेत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल मने, शिकव. बगू तरी माझं काय काय उचललंस."

थंडीच्या दिवसांत जेवणं आटोपली की आम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी त्यांच्या गच्चीवर जमायचो. आकाश बघायला. कुणी अंगणवाडीतली, कुणी शिवणकाम करणारी, आणि पिठाच्या गिरणीवाली रेखा, जिच्या भुवयांवर कायम पीठ असायचं. आमच्या नवऱ्यांनी आमचं नाव 'ग्रहमंडळ' ठेवलं होतं. गच्चीवर मोबाईल काढायला बंदी. "डोळ्याला आदी अंधाराची सवय होऊ द्या गं," बाई म्हणायच्या. नकाशा बघायचा तर बॅटरीला लाल खण गुंडाळून बघायचा, कारण लाल उजेडाने डोळे बिघडत नाहीत. तो खण देवीच्या ओटीतला, प्रसाद म्हणून मिळालेला होता. ओटीचा खण असा वापरतात का, असं रेखा म्हणाली, तर बाई म्हणाल्या, "देवीला काय, तिलाबी ताऱ्यांतच ऱ्हायचंय."

बेटाचं खूळ त्याच गच्चीवर निघालं. बाईंनी नकाशा अंथरला, आफ्रिकेच्या उजव्या अंगाला, मॉरिशसच्या शेजारी बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हे रियुनियन. सगळं बेट लाव्ह्याचं. आपण बसलोय तो काळा दगड लाव्ह्याचाच, पण आपला कवाच थंड झाला. त्यांचा अजून मधूनमधून पेटतो." आम्ही म्हटलं, मग तिथं कशाला मरायला जायचं? तर बाईंनी सांगितलं, की दक्षिण टोकाचं आकाश आपल्याला आयुष्यात कधी दिसतच नाही, ते आपल्या जमिनीआड राहतं. त्या बेटावरच्या डोंगरावरून ते दिसतं. तिथं आकाशात दोन छोटे पांढुरके ढग आहेत, वारा आला तरी हलत नाहीत, कारण ते ढग नाहीतच. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन आकाशगंगा आहेत. नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मला त्या रात्री झोप लागली नाही. तोवर मी माहेरी किंवा सासरी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, साधा साडीचा रंगसुद्धा. हे मात्र मला पाहिजे होतं, लई पाहिजे होतं.

बाई नुसतं बोलून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. भिशीसारखे दर महिन्याला आम्हा सगळ्यांचे पैसे त्यांच्याकडे जमायला लागले. कोणतीही गोष्ट करायची म्हणजे आधी तिची तालीम करायची, ही त्यांची पद्धत. शाळेच्या हॉलमध्ये बाकांच्या रांगा लावून त्यांनी विमान केलं. ओढण्यांचे पट्टे कमरेला बांधून आम्ही बसलो आणि बाई मधल्या वाटेने चहा वाटत फिरल्या. डोंगर चढायचा सराव म्हणून पहाटे पाठीवर ज्वारीची पिशवी घेऊन आम्हाला माळावर पळवलं. साडीत हे जमणार नाही म्हणून सगळ्यांनी पंजाबी ड्रेस शिवले, आणि ज्यांच्या घरी ड्रेस चालत नव्हता त्यांनी ते रेखाच्या गिरणीत ठेवले. रेखाने दशम्या आणि जवसाची चटणी किती न्यायची याचा असा घोर लावून घेतला होता, की बाई म्हणाल्या, "अगं, तिकडंबी माणसं जेवतात!"

खरी अडचण आमच्या घरी होती. माझे सासरे, मामा म्हणते मी त्यांना, मेंढ्यांमागे रानोरान हिंडलेला माणूस. त्यांचा शब्द घरात शेवटचा. बाई स्वतः आल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या तिथीला निघायचं?" इथंच घोडं अडलं. तारे बघायचे तर चंद्र नको, म्हणजे अमावस्या पाहिजे. दिवाळीच्या अमावस्येला लक्ष्मीपूजन सोडून कुठलीच बाई निघणार नव्हती, म्हणून बाईंनी पुढच्या महिन्याची अमावस्या धरली होती. मामा म्हणाले, "अवसेला आमच्या घरचं कुत्रंबी गावची येस वलांडत न्हाई." दुसरी कुणी असती तर विज्ञान सांगत बसली असती. बाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयाशी उभं राहून पानं चाळली आणि म्हणाल्या, "मामा, निघायचं दशमीला. अवसेला आमी तिथं पोचून बसलेलो आसू. परत निघायचं ते चतुर्थी बगून. चालंल?" मामांनी बोटांवर तिथ्या मोजल्या. मग म्हणाले, "कापूस?" मी म्हटलं, जमेल तेवढा आधी वेचून जाईन. तेव्हा मामा बाईंकडे बघून म्हणाले, "तुमी हाव म्हणून. दुसऱ्या कुणाच्या सबदावर मी सोडली नसती." मामांनी अशी कबुली कुणाला दिलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस दारात आला, तेव्हा सगळी गल्ली जमा झाली, आणि मामाच ओट्यावरून ओरडले, "केस न्हाई काई! सून इमानात बसणाराय माझी!"

निघायला थोडेच दिवस राहिले असताना बाई दुपारी अंगणवाडीत आल्या. पोरं खिचडी खात होती. बाई खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मने, ज्वालामुखी पेटलाय. बेट बंद केलंय. कुणालाच जाऊ देईनात." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. मला स्वतःला रडू येत होतं ते गिळलं आणि त्यांची पाठ थोपटत बसले. म्हटलं, बाई, डोंगरापुढं कुणाचं चालतं? पुढच्या साली जाऊ. त्यांनी सगळ्यांचे पैसे ज्याचे त्याला परत केले, त्यात काही खोट नव्हती. मी घरी जाऊन मामांना सांगितलं. मामाही हळहळले. आमच्यातल्या एकीनेही मोबाईल काढून बघितलं नाही. बाईंनी सांगितल्यावर बघायचं काय?

मग एक दिवस मी अंगणवाडीचं साहित्य घेऊन चौकात रिक्षातून उतरले, तर समोर नवा फ्लेक्स. आमच्याकडे कुणी बारशाला गेलं तरी फ्लेक्स लागतो, त्यामुळे आधी मी लक्ष दिलं नाही. पण त्यावर आग ओकणारा डोंगर होता, डोंगराच्या डोक्यावर विमान होतं, आणि मधोमध हात जोडून उभे असलेले आमच्या भागातले ते पुढारी, ज्यांची कॉलेजं आहेत. शेजारी त्यांची मुलं, सुना. वर लिहिलं होतं, 'ज्वालामुखी व अवकाश अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' आणि खाली उजव्या कोपऱ्यात गोल चौकटीत बाई. 'मार्गदर्शिका' म्हणून. पुण्याला बहिणीकडे जाते असं सांगून गेलेल्या बाई. मी तिथंच सामान खाली ठेवून मोबाईल काढला आणि बघितलं. बेट उघडं होतं. डोंगर गप्प होता. तो पेटलाच नव्हता.

ही चूक आमच्याच जिल्ह्यात होऊ शकते. दौरा चोरून काढायचा, आणि कार्यकर्त्यांनी चौकात दहा फुटी फ्लेक्स लावायचा. रेखाने दोन दिवसांत सगळं काढून आणलं. बाईंचा मुलगा त्या पुढाऱ्यांच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होता, कायम होण्याची वाट बघत. बाईंच्या दौऱ्याची गोष्ट त्या घरात गेली, सुनांना ती आवडली, आणि निरोप आला, की आमच्या घरच्यांना घेऊन चला, बाकीच्या बायकांचं नंतर बघू. तारीख तीच, मुक्काम तोच, डोंगर तोच. दशमीला निघणंसुद्धा तेच, जे बाईंनी आमच्या भिंतीशी उभं राहून माझ्यासाठी शोधलं होतं.

मला कुणी विचारलं तर मी सांगते, बाईंनी मला सोडून दिलं याचा राग मी गिळला असता. पोटच्या पोरासाठी माणूस काय करत नाही? त्यांनी अंगणवाडीत येऊन म्हणायचं, मने, माझी मान अडकलीय, तुला न्हाई नेता येत. मी त्यांनाच डबा बांधून दिला असता. पण त्या भूगोलात खोटं बोलल्या. जी बाई एका पोरीच्या वेड्या प्रश्नासाठी एसटीने अंबाजोगाईला गेली, तिने एक गप्प असलेला डोंगर माझ्यासमोर पेटवला आणि मी तिची पाठ थोपटत बसले. त्या थोपटण्याची मला अजून लाज वाटते, आणि चीड येते.

परत आल्यावर त्या आमच्या घरी आल्या. न येऊन करतात काय? काळसर, सुरकुतलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा आणल्या होत्या. सासूबाईंना वाटलं शेवगा वाळवून आणलाय. मामा ओट्यावरून आत आले, समोर बसले. चौकातला फोटो त्यांनीही बघितला होता. त्यांनी साध्या मनाने विचारलं, "मंग बाई, इजला का तो डोंगर? मनी म्हणली व्हती, कुणालाच जाऊ देईनात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कविता म्हणताना मधेच विसरलेली पोर शेजारणीकडे बघते तसं. मी ओठ मिटून बसू शकले असते. पण माझ्या पोरीला पुढच्या वर्षी लातूरला शिकायला ठेवायचं होतं, आणि बाईंचा शब्द असा निघाला हे मामांना कळलं असतं, तर उंबऱ्याबाहेर जायला निघालेल्या प्रत्येक बाईला हीच गोष्ट ऐकवली गेली असती. मी म्हटलं, "इजला, मामा. लगेच इजला."

"मंग तुला कावून न्हाई नेलं?"

बाईंनी कपबशी खाली ठेवली. मी म्हटलं, "बाईंनी इचारलं व्हतं. मीच न्हाई म्हणले. कापूस फुटला व्हता ना."

मामा खूश झाले. एवढे खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर थाप मारून म्हणाले, "बगा बाई! तुमच्या हाताखाली शिकल्याली पोर हाय. इमान दारात आलं तरी घर सोडलं न्हाई तिनं." बाईंनी मान हलवली. त्यांच्याने चहा संपवला गेला नाही.

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. त्या थांबल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मने, शिव्या दे मला. पण ते ढग कसे दिसले तेवढं तरी ऐक. तुलाच सांगायचं म्हणून नीट बगून आलेय." मला ऐकायचं होतं. पाय निघत नव्हता इतकं ऐकायचं होतं. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "न्हाई बाई, तुमची लेकाकडं जायची गाडी जाईल." त्यानंतर मी त्या गच्चीवर गेले नाही. बाई आता मुलाकडे राहतात. मुलगा अजून तासिकेवरच आहे असं रेखा सांगते.

घरी पाहुणे आले की मामा हटकून ती गोष्ट काढतात. माझ्या सुनेला इमानाने परदेशी न्यायला निघाले होते, पण ती कापसासाठी राहिली, असं सांगतात आणि मला हाक मारतात, म्हणजे पाहुण्यांना मी दिसावी. मी दारात येऊन उभी राहते. पाहुणे म्हणतात, अशी सून मिळायला नशीब लागतं. मग मी चहा ठेवायला आत जाते.