भिंतीवरचा हात

ओकाबे बाई बायकांच्या मासिकात चित्रकथा काढायच्या. कॉलेजातल्या पोरींसाठी नव्हे, तर नोकरी करून, नवऱ्याचे मोजे उचलून दमलेल्या बायकांसाठी. नेरिमातल्या त्यांच्या घरी यासुयो स्वयंपाकाला होती. पानं द्यायची तारीख जवळ आली की बाई आणि हाताखालच्या तिघी मुली टेबलावरून उठायच्याच नाहीत. मग यासुयो त्यांना करी-भात भरवायची आणि शाई वाळायच्या आत हातातल्या डावासकट पानं वाचून काढायची.

"हा मेला तिला दगा देणार, लिहून ठेवा!" कोणी विचारलेलं नसताना ती सांगायची. बरेचदा तो द्यायचाही.

तिचं एकच दुखणं होतं. कथेतले पुरुष बाईला नावाने हाक मारत. तिचा नवरा इवाओ मासे विकायचा, आणि थोरला मुलगा झाल्यापासून तिला 'आई' म्हणायचा. गल्लीतले सगळेच नवरे म्हणत, पण म्हणून काय झालं? मुलं ओसाकाला गेली, इवाओची खरी आई देवाघरी गेली, तरी ही आपली आईच. मरण्याआधी एकदा त्याच्या तोंडून 'यासुयो' ऐकायचं, एवढीच तिची हौस होती.

त्या दुपारी शेवटचं पान अडलं होतं. नायक भिंतीवर हात टेकून नायिकेला अडवतो, तो हात बाईंना काही केल्या जमेना. पानं न्यायला आलेला मासिकाचा माणूस बाहेर चहावर चहा ढोसत होता. तेवढ्यात मागच्या दाराने इवाओ बांगडे घेऊन आला. बाईंनी त्याला गमबुटांसकट आत ओढलं.

"यासुयोबाई, भिंतीला टेका. इवाओसान, हात ठेवा."

"अहो बाई, हाताला बांगड्यांचा वास आहे!"

"कागदाला नाक नसतं. ठेवा!"

इवाओने दुकानाचं शटर धरावं तसा भिंतीवर हात मारला.

"यांची मान आखडलीय. यांना हाक मारा, म्हणजे वळेल."

"आई," इवाओ म्हणाला.

मुली खिदळत सुटल्या. एकीचं शाईचं बोट गालावर गेलं. मासिकाचा माणूस कप घेऊन दारातच येऊन उभा राहिला.

"आईला कोणी असं भिंतीशी दाबतं का हो? नाव घ्या, नाव!" बाई ओरडल्या.

इवाओ उकडलेल्या ऑक्टोपससारखा लाल झाला. तोंड उघडलं, मिटलं.

"विसरलात की काय?" यासुयोने हळूच विचारलं.

"विसरेन कसा? लग्नाआधी मासे साफ करताना दिवसभर तेच तर घोकायचो."

हे तिला नवीनच होतं. आणि मग, बाजाराच्या पार टोकाला ऐकू जाणारा त्याचा आवाज जेमतेम तिच्या कानापर्यंत पोचला.

"यासुयो."

बाईंची पेन्सिल सरसर धावली. "अप्रतिम! झालं. सोडा आता."

इवाओ हात काढणार, तोच यासुयोने त्याचं मनगट घट्ट धरलं. तिचे कान तापले होते, हसू काही आवरत नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "मान साफ चुकलीय. पुन्हा घ्यावं लागेल."