आरसे काढलेली गाडी

शर्टाच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं चेकर आहे. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, मगच पुढे सोडायचा. संशय घ्यायचाच मला पगार मिळतो म्हणा ना! ती सवय घरीही येते, त्याला मी काय करू?

आमचे हे बसचे ड्रायव्हर. एकोणतीस वर्षं गाडी चालवली, साधा ओरखडा नाही. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, तेव्हा वाटलं, आता माणूस जरा स्वस्थ बसेल. कसलं काय! कुठूनशी एक जुनी मोटरसायकल आणली आणि जिन्याखाली तिच्याशीच संसार मांडला. तेही चालवून घेतलं मी. पण गेल्या महिन्यापासून यांचं वागणं काही सरळ दिसेना.

आधी आरसे गेले. ज्या माणसानं दर दहा सेकंदाला आरशात बघून जन्म काढला, त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही आरसे काढून जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवले. मग नंबरप्लेट काढली. मग पुढच्या दिव्यावर आणि इंडिकेटरवर चिकटपट्ट्या मारल्या. मी वरून कठड्याला टेकून बघत होते. दिवा झाकायचा, नंबर लपवायचा, हे काय दरोडा घालायला निघालेत की काय?

"अहो, गाडी विकताय?"

"छे गं."

"मग?"

"जरा काम आहे."

जरा काम! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. खोलीचं दार लोटून हे उशी घोड्यासारखी मांड्यांत धरायचे आणि एका अंगाला कलायचे. साठीचा माणूस! मी आत गेले की म्हणायचे, कंबर धरलीय. रोज बरोब्बर साडेपाचलाच कशी धरते हो कंबर?

शेवटी मी कपाट उपसलं. गाद्यांच्या मागे कातड्याचा एक अख्खा सूट निघाला, गुडघ्यांना जाड प्लास्टिकच्या चकत्या लावलेला. हात सवयीचा, उलटा केलाच. शिवण दुहेरी होती, नावं ठेवायला जागा नव्हती. आतल्या खिशात घडी घातलेला फॉर्म होता. 'ट्रॅक डे. शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवण्याची संधी. आरसे, नंबरप्लेट काढून यावे. दिव्यांची काच फुटून सांडू नये म्हणून चिकटपट्टी लावावी.' असं होय! म्हातारचळच, पण निदान दरोडा तरी नाही. जीव भांड्यात पडणार, तोच खालची ओळ दिसली. 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे?' पुढे यांच्या अक्षरात एक नंबर. नाव नाही. नंबर माझा नव्हता, मुलीचाही नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आणि हातपाय मोडल्यावर बोलवायची दुसरीच? मी तिथल्या तिथे नंबर फिरवला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"डेपो कंट्रोल, बोला."

मी गपकन फोन ठेवला. मागे वळले तर हे दारात उभे.

"डेपो?" मी फॉर्म नाचवला. "तुम्ही पडलात तर डेपो येणारे उशाशी बसायला?"

"अगं, सवय. अपघात झाला की पहिला फोन डेपोला. हातानं आपोआप लिहिलं."

"मग खोडा आता."

यांनी पेन घेतलं, पण खोडेनात. मग हळूच म्हणाले, "रागावू नकोस. तू अनोळखी नंबर कधी उचलतेस? मुलीची फोनसकट पर्स मारली होती, तेव्हा तिनं दुसऱ्याच्या फोनवरून सात वेळा केला. तू कापत राहिलीस. डेपो निदान उचलतो."

तेवीस वर्षांत माझ्या हातून गेलेला शर्ट कोणी परत आणला नव्हता. आणि इथे घरच्यानंच माझी खोट काढली, खूप लागलं मला ते. मी पेन ओढून घेतलं, डेपोवर काट मारली आणि माझा नंबर लिहिला.

"उचलीन," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नव्हता.

रविवारी मी ट्रॅकच्या कुंपणाशी उभी होते. सगळी पोरं यांना मागे टाकून जात होती आणि हे आपले बस चालवल्यासारखे शिस्तीत. दोनदा समोरून गेले. तिसऱ्या फेरीला बाकीचे आले, हे आले नाहीत. तेवढ्यात हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर.

मी उचलला.

"मॅडम, पाण्याची टाकी साफ करून हवीय का? फक्त दोन मिनिटं घेतो."

आमच्या घराला टाकीच नाही. पलीकडच्या वळणावरून हे सगळ्यांच्या शेवटी, सावकाश येताना दिसले. मी तिथेच गवतात बसले आणि रडत रडत म्हटलं, "बोला भाऊ, बोला. मी ऐकतेय."